डिस्लेक्सिया: 'अक्षरं उलटी दिसतात' या वाक्याने सिनॉप्सिस सुरू करू नका

डिस्लेक्सियावर पीएच.डी. करावी का, असं यंदा मला निदान चार-पाच जणांनी विचारलं. कोणी एम.ए. मानसशास्त्र केलेलं, कोणी एम.एड. करावी की! मराठीत या विषयावर एवढं काम बाकी आहे की रांगेत उभं राहायचीही गरज नाही. पण त्यांनी वाचायला पाठवलेल्या कच्च्या सिनॉप्सिसमध्ये पहिल्याच परिच्छेदात एक वाक्य हमखास भेटतं: 'डिस्लेक्सिया असलेल्या मुलांना अक्षरं उलटी दिसतात.' 2007 सालच्या 'तारे जमीन पर'ने हा शब्द घराघरांत नेला, हे त्या चित्रपटाचे उपकारच आहेत. पण त्यातली नाचणारी अक्षरंही सोबत आली आणि ती आता जायचं नाव घेत नाहीत. हे वाक्य आलं कुठून आणि संशोधकांना ते का सोडावं लागलं, एवढं जरी नीट कळलं तरी या क्षेत्रातलं निम्मं वाद-विवादाचं साहित्य वाचायला सोपं जातं. म्हणून आज तिथूनच सुरू करू.

'डिस्लेक्सिया' हा शब्द 1887 मध्ये रुडॉल्फ बर्लिन या जर्मन नेत्रतज्ज्ञाने वापरला. तो मेंदूला इजा झाल्यामुळे वाचन गमावलेल्या मोठ्या माणसांबद्दल होता. लहान मुलाबद्दलची पहिली प्रसिद्ध नोंद 1896 ची आहे. इंग्लंडमधल्या प्रिंगल मॉर्गन या डॉक्टरने 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये पर्सी नावाच्या 14 वर्षांच्या मुलाबद्दल लिहिलं. मुलगा हुशार, डोळे उत्तम, शिकवणी लावलेली. 749 गुणिले 867 हा गुणाकार त्याने झटकन आणि बरोबर केला. पण स्वतःचं नाव लिहिताना मात्र अक्षरांची अदलाबदल करून बसला, आणि चूक झालीय हे बराच वेळ त्याच्या लक्षातही आलं नाही. सगळं शिक्षण तोंडी असतं तर हा वर्गात पहिला असता, असं त्याच्या मास्तरांचं मत मॉर्गनने नोंदवलं आहे. जेमतेम पान-दीड पानाचा हा पेपर आहे. जरूर वाचा, कारण 'बुद्धी आणि वाचन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत' हा मुद्दा तिथेच आलेला आहे. आपल्या शाळांमध्ये तो अजून पोचायचा आहे.

आता बघा, सुरुवातीची मंडळी बरीचशी डोळ्यांचे डॉक्टर. साहजिकच त्यांनी बिघाड 'दिसण्यात' शोधला. पुढे 1925 मध्ये अमेरिकेत सॅम्युएल ऑर्टन यांनी मांडलं की मेंदूच्या दोन अर्धगोलांत अक्षरांच्या एकमेकींच्या आरशासारख्या प्रतिमा साठतात आणि या मुलांमध्ये त्यांची गल्लत होते. इंग्रजीतल्या 'बी' आणि 'डी'ची अदलाबदल हा त्याचा पुरावा. कल्पना देखणी होती, म्हणून पन्नास वर्षं टिकली. (देखण्या कल्पनांपासून सावध राहावं, असं माझी गाईड दर मीटिंगला म्हणते.)

तिला धक्का दिला तो दोन प्रकारच्या अभ्यासांनी. 1971 च्या सुमारास इझाबेल लिबरमन आणि सहकाऱ्यांनी वाचनात मागे असलेल्या मुलांच्या चुका चक्क मोजल्या. उलट्या अक्षरांच्या आणि उलट्या क्रमाच्या चुका एकूण चुकांचा लहान हिस्सा निघाला. बाकीच्या चुका ध्वनीच्या, त्यातही स्वरांच्या जास्त. दुसरं म्हणजे, फ्रँक व्हेलुटिनो यांनी एक साधी पण भारी युक्ती केली. त्यांनी अमेरिकन मुलांना हिब्रू अक्षरं दाखवली आणि आठवून लिहायला सांगितली. हिब्रू या मुलांपैकी कोणालाच येत नव्हतं. बिघाड नजरेत किंवा आकार लक्षात ठेवण्यात असता तर वाचनात मागे असलेली मुलं इथेही मागे पडायला हवी होती. तसं झालं नाही. ती इतरांच्या बरोबरीने उतरली. म्हणजे आकार दिसत होता, लक्षातही राहत होता. त्या आकाराला आवाज जोडायची वेळ आली की मात्र गाडी अडत होती.

रिसर्च मेथडॉलॉजीच्या पेपरमध्ये आपण 'पर्यायी स्पष्टीकरण वगळणे' असं पाठ करतो ना, ते हेच. हिब्रूच्या त्या एका प्रयोगात अख्खं प्रकरण आहे.

मग बिघाड आहे कुठे? आज सगळ्यात भक्कम पुरावा आहे तो ध्वनींच्या जाणिवेबद्दल, म्हणजे पेपरांत ज्याला फोनॉलॉजिकल अवेअरनेस म्हणतात त्याबद्दल. बोललेला शब्द तुकड्यांचा बनलेला असतो, हे मनातल्या मनात ऐकू येणं आणि ते तुकडे हलवता येणं. 'सकाळ'मधला 'स' काढा, काय उरलं? 'काळ'. हे अक्षराच्या पातळीवरचं झालं. आता 'पान'मधला फक्त 'प्' काढा. 'आन' म्हणायला तुम्हालाही अर्धा सेकंद जास्त लागला असेल. डिस्लेक्सिया असलेल्या बहुतेक मुलांना अशा कामांत फार वेळ लागतो किंवा ती जमतच नाहीत. त्याच्या जोडीला दुसरी एक खूण आहे, झरझर नावं सांगण्याची: समोर ओळीने रंग, चित्रं किंवा अंक ठेवले तर त्यांची नावं थांबत-थांबत येतात. मार्था डेंक्ला आणि रीटा रुडेल यांचा यावरचा 1976 चा अभ्यास आजही उद्धृत होतो.

पण ध्वनींची जाणीव कमी म्हणून वाचन कच्चं, की वाचन कच्चं म्हणून ध्वनींची जाणीव कमी? कोंबडी आधी की अंडं? याचं उत्तर शोधायला लिनेट ब्रॅडली आणि पीटर ब्रायंट यांनी सुमारे 400 लहान मुलं अजून वाचायला लागलेली नसतानाच गाठली, त्यांची ध्वनींची जाणीव तपासून ठेवली आणि पुढची काही वर्षं त्यांचं वाचन पाहिलं. तेवढ्यावर न थांबता त्यातल्या कमी गुणांच्या काही मुलांना ध्वनींचे गट पाडायचं प्रशिक्षण दिलं आणि दुसऱ्या गटाला त्याच चित्रांचे अर्थानुसार गट पाडायला शिकवलं. ध्वनींसोबत प्लॅस्टिकची अक्षरंही हाताळायला मिळालेला गट सगळ्यांत पुढे गेला. हा पेपर 1983 मध्ये 'नेचर'मध्ये आला. कंट्रोल ग्रुपला 'काहीच नाही' देण्याऐवजी 'तेवढंच लक्ष, पण वेगळं काम' देणं म्हणजे काय, हे शिकायला याच्याइतकं चांगलं उदाहरण मला तरी सापडलेलं नाही.

आता आपल्या घरी येऊ, म्हणजे मराठीत. माझ्या मते नव्या संशोधकाला खरा वाव इथेच आहे.

वरचा बहुतेक पुरावा इंग्रजीतला आहे, आणि इंग्रजी ही लिपीच्या बाबतीत युरोपातली सगळ्यात आडमुठी भाषा. 2003 मध्ये फिलिप सेमूर आणि सहकाऱ्यांनी युरोपातल्या भाषांची तुलना केली तेव्हा पहिल्या वर्षाच्या अखेरीस बहुतेक देशांतली मुलं ओळखीचे शब्द जवळजवळ बिनचूक वाचत होती. इंग्रजी शिकणाऱ्या मुलांचं प्रमाण होतं फक्त 34 टक्के. मग जर्मनसारख्या सरळ लिपीत डिस्लेक्सिया दिसतो तरी कसा? हाइंट्स विमर यांनी 1993 मध्ये दाखवलं की तिथली मुलं चुकत फारशी नाहीत, पण फार हळू वाचतात. म्हणजे भाषा बदलली की लक्षणाचा चेहरा बदलतो. इंग्रजीत चुका, जर्मनमध्ये वेळ.

मराठी यात कुठे बसते? 'आपण जसं बोलतो तसंच लिहितो' हे वाक्य आपण अभिमानाने म्हणतो, पण एखाद्या नवशिक्या वाचकाच्या जागी बसून बघा. 'चार' आणि 'चारा' यांतला 'च' वेगळा आहे, लिपीत मात्र एकच. 'जग' हा शब्द दुनियेसाठी एका तऱ्हेने आणि पाण्याच्या भांड्यासाठी दुसऱ्या तऱ्हेने वाचावा लागतो. 'करतो' असं लिहून 'कर्तो' म्हणायचं. 'अंक', 'संत' आणि 'आंबा' यांतल्या टिंबाचा उच्चार प्रत्येक वेळी पुढच्या अक्षराकडे बघून ठरवायचा. पहिली वेलांटी लिहायची अक्षराच्या आधी, उच्चारायची नंतर. ज्योत्स्ना वैद आणि आशुम गुप्ता यांनी 2002 मध्ये हिंदी वाचकांवर केलेल्या अभ्यासात या उलट क्रमाची किंमत वाचनाच्या वेगात मोजावी लागते असं दिसलं. आणि 'र'! 'क्रम', 'कर्म', 'ट्रक', 'दऱ्या': एकाच ध्वनीची चार सोंगं, त्यात 'कर्म'मधला रफार बसतो 'म'च्या डोक्यावर आणि ऐकू येतो त्याच्या आधी.

शिवाय संख्या बघा. इंग्रजी मुलाला 26 अक्षरं. आपल्याकडे 34 व्यंजनं आणि 12 खाने धरले तर नुसत्या बाराखडीतच 408 आकार, जोडाक्षरं वेगळीच. सोनाली नाग यांनी कन्नडवर केलेल्या कामात (2007) दिसलं की अक्षरं पुरती यायला मुलांना पहिली-दुसरी पुरत नाही, ते काम चौथीपर्यंत चालू राहतं. मराठीची लिपीही त्याच घडणीची. त्यामुळे दुसरीतल्या मुलाला जोडाक्षरं येत नाहीत म्हणून त्याच्यावर शिक्का मारणं घाईचं. आणि पाचवीतलं मूल चुकत नाही पण एक परिच्छेद वाचायला शेजारच्याच्या तिप्पट वेळ घेतं, याकडे 'जरा संथ आहे' म्हणून बघणं तर त्याहून वाईट. मराठी माध्यमात सुटून जाणारी मुलं मला बहुधा हीच वाटतात: बिनचूक पण संथ. कारण आपल्या तोंडी परीक्षेत कोणी घड्याळ लावतच नाही.

चुकांच्या वर्गीकरणाबाबतही असंच. ह्रस्व-दीर्घाच्या चुका डिस्लेक्सियाची खूण म्हणून मोजणारे प्रबंध आहेत. अहो, बोलताना आपण बहुतेक जण 'दिन' आणि 'दीन' यांत फरक करत नाही, मग लिहिताना मूल चुकलं तर त्यात नवल काय? वर्गातलं प्रत्येक मूल जी चूक करतं, त्या चुकीने कोणालाच वेगळं काढता येत नाही. तसंच 'घ'-'ध' आणि 'भ'-'म' यांच्या गल्लतीचं. पहिलीत ती सगळेच करतात. ती तिसरी-चौथीतही तेवढीच राहिली का, आणि बरोबरीच्या मुलांपेक्षा जास्त आहे का, हा प्रश्न आहे.

शाळाभेटींत मला सगळ्यात जास्त चकवणारी गोष्ट म्हणजे पाठांतर. तिसरीतला एक मुलगा पुस्तकातली कविता खणखणीत 'वाचत' होता, बोटही ओळीवरून फिरत होतं, फक्त बोट एका ओळीवर आणि तोंड दुसऱ्या. वर्गातल्या चाळीस जणांत हे बाईंच्या लक्षात येणं अवघड आहे. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. म्हणून चाचणीत निरर्थक शब्द लागतात: 'नकुबा', 'तिलमो' असे. ते कोणी पाठ करून येत नाही. फक्त ते मराठीच्या ध्वनिरचनेत बसणारे हवेत, इंग्रजी चाचणीतले उचलून देवनागरीत लिहिलेले नकोत. चाचणी नव्याने बनवायच्या आधी मानेसरच्या नॅशनल ब्रेन रिसर्च सेंटरने तयार केलेली 'डाली' ही साधनं जरूर बघा. 2015 मध्ये ती हिंदी, मराठी, कन्नड आणि इंग्रजीत आली. पहिली-दुसरीसाठी आणि तिसरी ते पाचवीसाठी वेगळी चाळणी आहे.

आणखी एक अडचण आहे, जी पाश्चात्त्य पेपरांत एका ओळीत उरकलेली असते: 'पुरेसं शिक्षण मिळूनही'. डिस्लेक्सियाच्या व्याख्येतच ही अट आहे. आपल्याकडे ती गृहीत धरता येत नाही. 'असर'ची सर्वेक्षणं 2005 पासून दाखवताहेत की वरच्या इयत्तेतल्या कितीतरी मुलांना दुसरीचा मजकूर वाचता येत नाही. ही सगळी डिस्लेक्सियाची मुलं नव्हेत. कुणाचे मास्तर वर्षातून चार महिनेच होते, कुणी ऊसतोडीला आई-बापांबरोबर गेलं, कुणाच्या घरी पावरी किंवा कोरकू बोलतात आणि शाळेत प्रमाण मराठी. एकदाच चाचणी घेऊन या दोन गटांना वेगळं करता येत नाही. त्यातल्या त्यात खात्रीचा मार्ग म्हणजे आधी सगळ्यांना काही आठवडे नीट, पद्धतशीर शिकवायचं आणि मग कोण तरीही मागे राहतं ते बघायचं. यात वेळ जातो, फेलोशिपची वर्षं संपत येतात, मान्य आहे. पण त्याशिवाय आपण गरिबीला आजाराचं नाव देऊन बसू.

डिझाईनबद्दल एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. दहा वर्षांच्या डिस्लेक्सिक मुलांची दहा वर्षांच्याच इतर मुलांशी तुलना करून जो फरक मिळतो तो कारणही असू शकतो आणि परिणामही, कारण न वाचणारं मूल वर्षानुवर्षं सरावालाच मुकलेलं असतं. म्हणून तिसरा गट घ्यावा: वयाने लहान, पण वाचनाची पातळी तेवढीच असलेली मुलं. 2013 मध्ये 'न्यूरॉन'मध्ये ओलुलादे, नापोलिएलो आणि ईडन यांनी हेच केलं. हालचाल टिपणाऱ्या मेंदूच्या दृष्टिभागात डिस्लेक्सिक मुलांची क्रिया कमी असते, हे आधीच माहीत होतं. या तिसऱ्या गटाशी तुलना केली तर फरक नाहीसा झाला, आणि मुलांना वाचनाचं प्रशिक्षण दिल्यावर त्या भागातली क्रिया वाढली. म्हणजे तो फरक बहुधा कमी वाचनाचा परिणाम होता.

आता बलस्थानांकडे. यावर लिहिताना मी जरा कचरते, कारण पालकांना धीर देणारी वाक्यं आणि पुरावा यांची इथे सर्रास सरमिसळ होते. 2003 मध्ये कॅट्या फॉन कारोली यांच्या गटाने दाखवलं की डिस्लेक्सिया असलेल्या व्यक्ती 'अशक्य आकृत्या' (प्रत्यक्षात बनूच शकणार नाहीत अशी चित्रं) इतरांइतक्याच अचूक, पण जास्त लवकर ओळखतात. त्यावरून 'ही मुलं चित्रांत विचार करतात' असं सरसकट पसरलं. मग 2018 मध्ये चेंबरलेन आणि सहकाऱ्यांनी अवकाशीय क्षमतेवरचे अभ्यास एकत्र करून पाहिले. सरासरी थोडी कमीच निघाली, पण फैलाव जास्त. हे वाक्य दोनदा वाचा. फैलाव जास्त म्हणजे या गटात काही जण खूप पुढे असू शकतात आणि काही खूप मागे. 'सगळ्यांत दडलेला चित्रकार' असा काही शोध लागलेला नाही.

उद्योजकांचंही तसंच. ज्युली लोगन यांच्या 2009 च्या अभ्यासात अमेरिकन उद्योजकांपैकी 35 टक्के लोकांत डिस्लेक्सियाची लक्षणं आढळली, तीही त्यांनी स्वतः भरलेल्या प्रश्नावलीवरून. प्रश्नावली कोण भरून पाठवतं, आणि धंदा बुडालेल्यांना कोणी विचारलं का, हे प्रश्न तुम्हाला सुचले असतील तर तुमची नेटची तयारी चांगली चालू आहे. त्यात एक निरीक्षण मात्र मला मोलाचं वाटतं: हे उद्योजक काम दुसऱ्यावर सोपवण्यात पुढे होते. जन्मजात देणगी म्हणून नव्हे, लहानपणापासून लिहिण्या-वाचण्यासाठी दुसऱ्याची मदत घ्यायची सवय लागली म्हणून असेल, असंही त्याचं स्पष्टीकरण देता येतं.

मग बलस्थानं नाहीतच का? आहेत, फक्त ती शोधायची जागा वेगळी आहे. गॉफ आणि टनमर यांनी 1986 मध्ये मांडलेलं एक सोपं सूत्र आहे: वाचून समजणं म्हणजे अक्षर उलगडणं गुणिले ऐकून समजणं. बेरीज नव्हे, गुणाकार. डिस्लेक्सिया असलेल्या बऱ्याच मुलांचा दुसरा आकडा चांगला असतो. ती ऐकून समजतात, प्रश्न विचारतात, गोष्ट सांगतात. पर्सीचे मास्तर हेच म्हणत होते. पण हे बलस्थान कायमचं नाही. कीथ स्टॅनोविच यांनी 1986 मध्ये दाखवून दिलं की जो वाचतो त्याचा शब्दसंग्रह वाढतो, जो वाचत नाही तो दरवर्षी आणखी मागे पडतो. म्हणजे मूल पुस्तकापासून तुटलं तर त्याचा चांगला आकडाही घसरायला लागतो. तो टिकवायचा तर वाचन शिकवणं चालू असतानाच वाचून दाखवणं, ऑडिओ, तोंडी उत्तरं हे सगळं द्यावं लागतं. 'ऐकवलं तर आळशी होईल' ही भीती मी खूप पालकांकडून ऐकते. सूत्र बघता तीच भीती जास्त नुकसान करते.

मुलींबद्दल दोन ओळी. शाळा ज्या मुलांना पुढे पाठवतात त्यांत मुलगे कितीतरी जास्त असतात. सॅली शेविट्झ यांच्या 1990 च्या अभ्यासात संशोधकांनी स्वतः सगळ्यांची चाचणी घेतली तेव्हा हा फरक जवळजवळ उरला नाही. गप्प बसणारी मुलगी कोणाला त्रास देत नाही, म्हणून कोणी तिला तपासायला पाठवत नाही. तुमचं सॅम्पल दवाखान्यातून घेणार असाल तर हे आधीच लिहून ठेवा.

शेवटी कायद्याची बाजू, कारण संशोधनाचा उपयोग तिथे होतो. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने विशिष्ट अध्ययन अक्षमतेला मान्यता दिली. महाराष्ट्रात प्रमाणपत्र असलेल्या मुलांना परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात. केंद्राच्या 2018 च्या मार्गदर्शक तत्त्वांत तिसरी किंवा आठ वर्षं वय हा चाळणीचा टप्पा धरला होता. त्यापूर्वीच्या दोन-अडीच वर्षांत मूल रोज वर्गात बसतं, उठून वाचायला सांगितलं की घाम फुटतो, आणि 'लक्ष नाही', 'आळशी आहे' हे शेरे वहीत जमा होतात. मदत मात्र प्रमाणपत्र न मागता देता येते. ध्वनींचे खेळ, अक्षर-आवाज जोड्यांचा क्रमवार सराव यांनी डिस्लेक्सिया नसलेल्या मुलाचं काही बिघडत नाही.

ज्यांचं सॅम्पल मराठी माध्यमाच्या शाळांतलं असेल त्यांच्यासाठी: प्रत्येक मुलाच्या वाचनाचं रेकॉर्डिंग ठेवा, चुकांसोबत सेकंद नोंदवा, घरची भाषा आणि गेल्या वर्षीचे हजेरीचे दिवस विचारा. हे चार रकाने डेटाशीटमध्ये पहिल्या दिवसापासून असू द्या. पायलटनंतर ते घालायला गेलात तर एथिक्स कमिटीकडे पुन्हा अर्ज करावा लागतो, आणि तोवर शाळेला दिवाळीची सुट्टी लागलेली असते.